दुसरा निरीक्षक

बाबांच्या नोंदवह्या सगळ्यात आधी घ्या, असा हट्ट मीच धरला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला मला दुसरं डोकं नाही.

आमचं खातं नदी मोजतं. पाणी किती चढलं, किती उतरलं, एवढंच. पूर्वी प्रत्येक ठिकाणी एक माणूस असायचा, तो सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला आकडा बघून वहीत लिहायचा. आता यंत्रं बसली, माणसं गेली, वह्या राहिल्या. या वह्यांचं करायचं काय, यावर साहेबांनी उपाय काढला. सगळे आकडे संगणकात भरायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रोग्रॅमला वाचायला द्यायचे. कुठल्या पावसानं नदी किती चढते, धरणातून पाणी सोडलं की ते कुठे किती तासांत पोचतं, हे तो त्यातून शोधणार. आणि जाता जाता कुठल्या वह्या खऱ्या आणि कुठल्या घरबसल्या लिहिलेल्या, हेही सांगणार. खोट्या निघतील त्या कायमच्या बाद. यादी महिनाअखेरीला वर जायची होती.

ऑफिसात त्या प्रोग्रॅमला ‘शहाणा’ म्हणत. साहेब कौतुकानं म्हणत, मी चिडून.

बाबा पुलाजवळच्या मापघरात सव्वीस वर्षं निरीक्षक होते. नाकासमोर चालणारा माणूस. त्यांच्या वह्या म्हणजे नमुना, बाकीच्यांच्या वह्या त्यांच्याशी ताडून बघा, असं मी साहेबांना ऐकवलं होतं. सहा आठवडे बसून मीच ते आकडे भरले. मान गेली, पण भरले.

शहाण्यानं ते सगळं वाचायला अकरा मिनिटं घेतली आणि सांगितलं, “शेवटच्या नऊ वर्षांत या ठिकाणी दोन निरीक्षक असावेत. शक्यता ९४ टक्के.”

तो प्रोग्रॅम चालवायला एक मुलगी नेमली होती. वयानं माझ्या निम्मी, हुशार, आणि कुणी चिडलं तरी न चिडणारी. तिला आम्ही प्रोग्रॅमवाली म्हणत असू. मी तिला सांगितलं की तुमच्या शहाण्याला ताप आलाय. अक्षर एक, शाई एक, सही एक. दुसरा आला कुठून? ती म्हणाली, अक्षर त्याला दिसतच नाही, तो फक्त आकडे बघतो. वरच्या आणि खालच्या ठिकाणचं पाणी, पाऊस, धरण, सगळं जुळवून इथे किती पाणी असायला हवं होतं ते काढतो. पहिला निरीक्षक त्याच्याशी बोटभरही चुकत नाही. दुसरा चुकतो. पाणी कमी असेल तर नाही, पण नदी चढली की त्याचा आकडा जास्त येतो, कधी कधी वीतभर जास्त. हा दुसरा आधी फक्त थंडीतल्या संध्याकाळी येतो, धरणाचं पाणी सुटून नदी चढली की सापडतो. मग सगळ्याच संध्याकाळी. मग सकाळीही. शेवटच्या सहा वर्षांत तर पहिला निरीक्षक जवळजवळ दिसतच नाही.

संध्याकाळी पाचला माझे बाबा कुठे होते? मापघराकडे निघताना मी त्यांना रोज पाहिलं होतं, बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच होते. मग आकडा दुसऱ्या कुणी कसा लिहिला? की आधीच कुणाकडून तरी आकडा घेऊन ठेवायचे आणि तिथे जाऊन नुसतं उतरवायचे? पण कुणाकडून, आणि कशासाठी? खोटंच लिहायचं तर माणूस घरी बसून लिहील, इतकी पायपीट कोण करेल? मी कागदावर बाण काढत बसले. सगळे बाण फिरून बाबांपाशीच यायचे आणि तिथे अडकायचे.

साहेबांनी मात्र फार विचार केला नाही. नऊ वर्षं बाद करू, उरलेली सतरा ठेवू, म्हणाले. वाचवायचीच असतील तर दुसरा निरीक्षक कोण ते शोधा, छापील नमुना भरून द्या, चूक कशामुळे झाली ते समजलं तर आकडे दुरुस्त करता येतील. तो नमुना मी पाहिला. दुसऱ्या निरीक्षकाचे नाव, पद, नेमणूक आदेश क्रमांक. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की मूळ निरीक्षकाने माहिती दडवल्याचे आढळल्यास तसा शेरा त्याच्या सेवापुस्तकात मारण्यात येईल.

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. सेवापुस्तक मात्र अजून ऑफिसच्या कपाटात होतं.

घरी आईला विचारलं. विचारलं म्हणजे काय, चपला काढता काढता तोंडावर फेकलं की बाबा संध्याकाळचे नक्की काय करायचे. ती गादीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

“नदीवर जायचे. तू होतीस की बरोबर.”

“मग वहीत दुसऱ्याचे आकडे कसे?”

तिनं टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली, आणि ऑफिसातल्या गोष्टी घरात आणू नकोस म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी भाजी-भांड्यांपलीकडे बोलली नाही. एरवी माझी आई गप्प बसणारी बाई नाही. तेव्हा ती काहीतरी गिळून बसली आहे एवढं मला कळलं, आणि त्यानं माझं डोकं आणखीच उठलं. दारू? बाबांना चहादेखील दुसरा कप चालत नसे. दुसरी बाई? या विचारानं मला आधी हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. माझ्याच बापावर मी पाळत ठेवत होते, तीही तो गेल्यावर.

खरं सांगायचं तर आत कुठेतरी मी शहाण्यावर विश्वास ठेवायला तयार होते. का, ते मला त्या वेळी कळत नव्हतं. म्हणून तर मी इतकी भांडत होते.

तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅमवालीनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, मॅडम, ते मापघर आतून कसं होतं ते मला समजावून सांगा, शहाण्याला फक्त आकडे माहीत आहेत, खोली माहीत नाही. हे शहाणपण मला सुचायला हवं होतं. मी चित्र काढलं. नदीकाठी एक कोंदट खोली, तिच्याखाली विहिरीसारखा पाइप, पाइपात तरंगणारा डबा. डब्याची तार चाकावरून जायची आणि एका काट्याला बांधलेली असायची. पाणी चढलं की भिंतीवरच्या पट्टीवर काटा वर. नदी पाच मीटर चढली तरी काटा पुरुषभर उंचीच्या पट्टीवरच फिरेल, अशी चाकाची रचना. पण काटा पट्टीला चिकटलेला नव्हता, चार बोटं पुढे होता. त्यामुळे डोळा काट्याच्या अगदी रेषेत आणला तरच आकडा बरोबर. वरून बघाल तर कमी दिसणार, खालून बघाल तर जास्त.

“खालून बघाल तर जास्त,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

म्हणजे दुसरा निरीक्षक खालून बघत होता. साहेब तिथूनच चालले होते, त्यांनी लगेच निकाल दिला की माणूस खुर्चीत बसून वाचत असणार, आळशी असणार. मी म्हटलं, त्या खोलीत खुर्ची मावत नव्हती. मग जमिनीवर बसत असेल, ते म्हणाले आणि गेले. प्रोग्रॅमवालीनं काट्याचं अंतर, पट्टीची उंची, माणूस साधारण किती लांब उभा राहील ते सगळं शहाण्याला घातलं आणि विचारलं की एवढी चूक व्हायला डोळा जमिनीपासून किती उंचीवर हवा. वर्षावार सांग.

तक्ता आला तसं तिनं कपाळाला हात लावला. चुकलं माझं काहीतरी, म्हणाली. पहिल्या वर्षी डोळ्याची उंची एक मीटर चार सेंटिमीटर. दुसऱ्या वर्षी एक मीटर नऊ. मग चौदा, वीस, पंचवीस. सहाव्या वर्षी एकदम सात सेंटिमीटरची उडी. शेवटची दोन वर्षं एक मीटर पंचेचाळीसच्या आसपास जवळजवळ तिथेच. हा कसला माणूस, जो दर वर्षी पाच सेंटिमीटर वाढतो? ती हसत हसत माझ्याकडे वळली आणि तिचं हसू तिथेच राहिलं.

मी तक्त्यावर बोट ठेवून वर्षं मोजत होते. अकराव्या वर्षी माझे सगळे फ्रॉक एकदम आखूड झाले होते. पंधराव्या वर्षी मी पुढच्या शाळेसाठी वसतिगृहात गेले आणि त्याच महिन्यात बाबांनी नोकरी सोडली होती.

मी सहा वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर मापघरात जात होते. तो आमचा खेळ होता. बाबा कुलूप उघडायचे, वही मांडीवर घ्यायचे आणि मला म्हणायचे, “सांगा बाई, किती?” काटा कसा वाचायचा ते त्यांनीच शिकवलं होतं. वाक, डोळा रेषेत आण, मग सांग. मी सांगायचे. ते “बरोबर” म्हणायचे आणि लिहायचे. आधी संध्याकाळीच, पुढे रोज, दोन वेळा. मला वाटायचं, त्यांनी आधीच बघितलंय आणि आता माझी परीक्षा घेताहेत. आणि मी कधी चुकत नाही याचा मला इतका गर्व होता की वर्गात मी आकड्यांच्या बाबतीत कुणाला जुमानत नसे. ही नोकरीसुद्धा मी त्याच गर्वावर मिळवली.

त्यांनी आधी बघितलेलं नव्हतं.

बाबांचे डोळे गेले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते नोकरी सोडल्यानंतर गेले, असं माहीत होतं. दोन-तीन वर्षांत अगदीच दिसेनासं झालं तेव्हा म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं.

घरी गेले तेव्हा आईला काही विचारावं लागलं नाही. माझं तोंड बघून तिनं हातातलं खाली ठेवलं.

“मधलं जायला लागलं होतं त्यांचं,” ती म्हणाली. “कडेकडेचं दिसायचं. रस्ता दिसायचा, माणूस दिसायचं, समोरचा काटा दिसायचा नाही. आधी फक्त अंधारून आलं की, मग उजेडातही. वही लिहायचे ती हाताच्या सवयीनं. नोकरीतून काढतील म्हणून कुणाला सांगितलं नाही.”

मी विचारलं, मग तू का नाही गेलीस वाचायला?

“मी रोज गेले असते तर चार जणांनी विचारलं असतं. बापाबरोबर लेक गेली तर कोण विचारतंय? पहिले दोन महिने मी तुमच्या मागून येऊन, तुम्ही गेल्यावर खिडकीतून वाकून बघत होते. बोटभरच इकडेतिकडे. मग मी यायचं सोडलं.”

तिनं बघितलं तेव्हा नदी कमी असणार. काटा माझ्या नाकासमोर असणार. नदी चढली की काटा माझ्या डोक्याच्या वर जायचा आणि मी मान वर करून वाचायचे, हे तिला माहीत नव्हतं. बाबांना तर नव्हतंच. ते उंच होते, दिसत होतं तोवर त्यांना कायम वाकूनच वाचावं लागलं. म्हणून त्यांनी मला वाकायला शिकवलं. स्टूलावर चढायला शिकवावं लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि मी कशी उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं. माझ्या तरी कुठे लक्षात आलं होतं? मला बरोबर म्हणत होते ना.

रागावावं की रडावं ते मला कळेना. त्यांनी मला फसवलं होतं का? सहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांवर सरकारी वही लिहिली, नदीकाठच्या लोकांचा जीव त्या वहीवर, आणि पोरीला सांगितलं की खेळ आहे. की ते मला जपत होते? मला कळलं असतं तर भीतीनं माझी वाचाच बसली असती. दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही एका वेळी धरवत नव्हतं. आईला म्हटलं, नमुना भरला तर त्यांच्या नावावर शेरा बसेल. नाही भरला तर नऊ वर्षं खोटी म्हणून जातील. ती म्हणाली, “आकडे खोटे नव्हते. दडवलं, ते मात्र खरं. जे आहे ते लिही.”

दुसऱ्या दिवशी मी नमुना भरला. दुसऱ्या निरीक्षकाचे नाव या रकान्यात माझं नाव. वय सहा ते पंधरा. पद, मुलगी. आदेश क्रमांक, नाही. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि एकदाही विनोद न करता सही केली. शेरा मात्र मारावा लागेल म्हणाले. मी मारा म्हटलं.

प्रोग्रॅमवालीनं माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरून माझी उंची घेतली आणि शहाण्याला सगळं पुन्हा मोजायला लावलं. पाच हजारांवर नोंदी होत्या. एकेक करून जागेवर बसल्या. चढत्या नदीतल्यासुद्धा. ती पडद्याकडे बघून म्हणाली, मॅडम, तुम्ही खरंच चुकत नव्हता, तुम्ही फक्त बुटक्या होता. मला बरं वाटलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

“एक राहिलीय फक्त,” ती म्हणाली.

एक संध्याकाळ. मी दहा वर्षांची असतानाची. सकाळी एक मीटर बत्तीस, संध्याकाळी दोन मीटर तीस, दुसऱ्या सकाळी एक अठ्ठावीस. पाऊस नाही, धरणाचं पाणी नाही. शहाण्यानं कारणही सुचवून ठेवलं होतं. लिहिताना एकाऐवजी दोन पडलं असावं, शक्यता ९७ टक्के. मान्य म्हणून बटण दाबलं की काम संपत होतं.

ती संध्याकाळ मी विसरले नव्हते. तिचा अर्थ मी चुकीचा लावून ठेवला होता, इतकी वर्षं.

मला मैत्रिणीकडे दोन दिवस राहायला जायचं होतं आणि बाबा नाही म्हणाले होते. नदीची वेळ चुकेल, म्हणाले. नदीचं आणि माझं काय, हे मला कळेना. मी धुमसत मापघरात गेले. काटा एक तीसवर होता. मी सरळ तोंडानं दोन तीस म्हटलं. त्यांनी खरंच आधी बघितलंय का, ते मला पकडायचंच होतं. ते थांबले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, “परत बघ.” मी परत बघितल्यासारखं केलं आणि परत दोन तीस म्हटलं. ते “बरोबर” म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

पाणी दोन मीटरच्या वर गेलं की नदीकाठच्या खालच्या आळीला सांगायचं, हा नियम होता. बाबा घरी न येता तसेच खालच्या आळीत गेले. दारोदार जाऊन सामान वर उचला म्हणून सांगत होते, आणि मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. लोकांनी बाहेर येऊन नदीकडे पाहिलं. ती आपली निवांत खाली वाहत होती. लोक हसले. एकानं विचारलं की आज काय घेतलंय का. बाबा हसले नाहीत, चिडले नाहीत, पुढच्या दारात गेले. आळी संपेपर्यंत गेले.

मी तेव्हा एवढंच शिकले की माझे बाबा न बघता लिहितात. मला बरोबर म्हणतात ते उगीच. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा खरे आकडे सांगितले, कारण गंमत राहिली नव्हती. पण बाबांच्या कामाबद्दल माझ्या मनात जी अढी बसली ती बसलीच. म्हणून तर शहाण्यानं दोन निरीक्षक म्हटल्यावर मी इतकी लवकर दारू आणि बाई शोधायला निघाले.

घरी आल्यावर त्यांनी मला एक शब्दही विचारला नव्हता. दुसऱ्या सकाळी आठला कुलूप उघडलं, वही मांडीवर घेतली आणि म्हणाले, सांगा बाई, किती. मी एक अठ्ठावीस म्हटलं. तेव्हा तरी त्यांना कळलं असणार. वरचा आकडा त्यांनी खोडला नाही. बरोबर म्हणाले, आणि खालच्या ओळीत लिहिलं.

प्रोग्रॅमवाली बटणावर बोट ठेवून थांबली होती. मी तिला थांब म्हटलं, खुर्ची पुढे घेतली, शहाण्यानं सुचवलेलं वाक्य पुसलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, “दुसऱ्या निरीक्षकाने जाणूनबुजून खोटा आकडा सांगितला. पहिल्या निरीक्षकाने तो खरा मानला आणि त्याप्रमाणे खालच्या आळीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन कळवले.”